रिकाम्या खुर्च्यांचा जाब

मे महिना आला की इंग्लंडात दरवर्षी एक विधी यथासांग पार पडतो. फुटबॉलचा मोसम संपत आलेला असतो, गुणांचा तक्ता जवळजवळ पुरा झालेला असतो, आणि त्या तक्त्याच्या तळाशी गेलेल्या संघांचे मॅनेजर एकामागून एक पायउतार होऊ लागतात. कोणी राजीनामा देतो, कोणाकडून तो घेतला जातो, कोणाला नुसता निरोप जातो. मालक एक पत्रक काढतात. त्यात गेलेल्याच्या सेवेबद्दल आभार असतात आणि येणाऱ्या सुदिनांची ग्वाही असते. इकडे चाहत्यांमध्ये वादाला तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो, "या माणसाने संघ बुडवला. गेला ते बरे झाले!" दुसरा पक्ष म्हणतो, "त्याला काय बोलता? जिंकत होते तोवर चाळीस हजार जमत होते. हरू लागले तसे घरी बसले. लोकच बेइमान!"

मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, संघ हरला म्हणून मैदान ओस पडत नाही, संघ परका झाला म्हणून पडते. आणि संघ परका करण्याचे सामर्थ्य मॅनेजरच्या अंगी फारसे नसते. ते ज्याच्या कमरेला तिजोरीची किल्ली असते त्याच्या अंगी असते. तेव्हा पराभवाचा जाब मॅनेजरला अवश्य विचारा. रिकाम्या खुर्च्यांचा जाब मात्र मालकाला विचारा.

फराळाच्या ताटापाशी ही सातासमुद्रापलीकडची कटकट कशाला, असे एखादी गृहिणी विचारील. बाईसाहेब, ही कटकट आता आपल्याच घरात आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना लिव्हरपूल नकाशात दाखवता येत नाही, पण तिथला गोलरक्षक कोण हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. शनिवारी रात्री आपला चिरंजीव पांघरुणात मोबाईल घेऊन काय पाहतो, ते एकदा डोकावून बघा. शिवाय ही खोड एकट्या इंग्लंडची नाही. शाळेचा निकाल घसरला की मास्तर वाईट आणि नाटकाला गर्दी झाली नाही की प्रेक्षक अरसिक, हा न्याय आपल्याकडेही रोज चालतो. शाळेचे छप्पर गळते, एका बाकावर चारचार पोरे बसतात, वर्षात तीनदा मास्तर बदलतात. यांविषयी चकार शब्द कोणी काढीत नाही.

फुटबॉलशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगून टाकतो. इंग्लंडात संघांच्या श्रेणी असतात, शाळेत इयत्ता असतात तशा. आज पहिल्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, वीस संघ आहेत. वर्षअखेर त्यांतले शेवटचे तीन खाली जातात आणि खालचे तीन वर येतात. आपल्याकडे नापास झालेला मुलगा फार तर त्याच वर्गात बसतो. इथे नापास झालेल्याला खालच्या वर्गात पाठवतात. वर्गाबरोबर दूरचित्रवाणीचा पैसा जातो, नावाजलेले खेळाडू जातात, मानही जातो. आणि मॅनेजर म्हणजे बँकेत असतो तसला साहेब नव्हे. संघ निवडणारा, डावपेच आखणारा, खेळाडूंना घडवणारा, आणि सामना संपल्यावर वार्ताहरांपुढे उभा राहून बोलणी खाणारा असा तो गृहस्थ असतो. तो वर्गशिक्षकही असतो आणि मुख्याध्यापकही. फक्त संस्था त्याची नसते.

आता 'हरले की लोक सोडून जातात' हा आरोप घेऊ. १९६८ साली मँचेस्टर युनायटेड हा संघ युरोपचा विजेता झाला. सहाच वर्षांनी, १९७४ च्या एप्रिलात, तोच संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. २७ एप्रिलला त्यांच्याच मैदानावर, त्यांचाच जुना लाडका खेळाडू डेनिस लॉ याने गावातल्या प्रतिस्पर्धी संघाकडून खेळताना टाचेने गोल मारला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्या गोलाने संघ बुडाला असे लोक अजून सांगतात. खरे पाहता त्या दिवशी दुसरीकडचे निकाल असे लागले की तो गोल झाला नसता तरी संघ खाली जाणारच होता. पण घसरणीला एक चेहरा लागतो, तो असा मिळतो.

पुढे काय झाले? मॅनेजर टॉमी डॉकर्टी याला काढले नाही. आणि दुसऱ्या श्रेणीतल्या त्या वर्षी युनायटेडच्या मैदानावर दर सामन्याला सरासरी अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास माणूस येत होते. ही संख्या पहिल्या श्रेणीतल्या कोणत्याही संघाच्या प्रेक्षकसंख्येपेक्षा मोठी होती! ती सारी गर्दी सोवळी होती असे मी म्हणणार नाही. त्या काळी त्यांतल्या काही टोळक्यांनी गावोगाव दंगे केले, हेही तितकेच खरे आहे. परंतु 'पडत्या काळात लोक पाठ फिरवतात' या सिद्धांताचे तिथे बारा वाजले हे कबूल करावे लागेल. संघ १९७५ साली वर आला आणि १९७७ साली त्याच मॅनेजरच्या हाताखाली त्याने मानाचा एफ.ए. चषक जिंकला.

"ते श्रीमंताघरचे उदाहरण झाले," असे कोणी म्हणेल. ठीक आहे, गरिबाघरचे घेऊ.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड नावाचे गाव आहे. एके काळी तिथे जहाजे बांधली जात आणि जमिनीखालून कोळसा निघे. १९८८ साली जहाजबांधणीचे शेवटचे कारखाने मिटले. १९९३ साली कोळशाची शेवटची खाण बंद पडली. त्या खाणीच्याच जागेवर १९९७ साली संघाचे नवे मैदान उभे राहिले आणि बाहेर खाणकामगाराच्या दिव्याची मोठी प्रतिकृती बसवण्यात आली. आपल्या गिरणगावातल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको. भोंगा बंद झाला, तरी भोंग्याच्या वेळेला उठायची सवय राहते. त्या गावाची ती सवय म्हणजे शनिवारचा सामना.

या संघाच्या मालकांनी काय केले ते पाहा. २०१३ च्या मार्चपासून २०१८ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे पाच वर्षांत, डी कॅनिओ, पोयेट, अॅडव्होकाट, अॅलरडाइस, मॉइझ, ग्रेसन आणि कोलमन असे सात मॅनेजर झाले. पहिल्या चौघांनी चार वर्षे, दर वसंतात, संघाला बुडता बुडता काठावर ओढले. त्यामुळे मालकांची अशी समजूत झाली असावी की हेच औषध. घराला गळती लागली की पागोळीखालची बादली बदलायची! कौले शाकारायला कोणी माळ्यावर चढले नाही. संघावर शंभर दशलक्ष पौंडांहून अधिक कर्ज साठले. प्रत्येक नव्या मॅनेजरने आपल्या पसंतीचे खेळाडू आणले, आणि पुढच्याला ते नको होते.

अखेर २०१७ साली संघ पहिल्या श्रेणीत तळाला राहून खाली गेला. २०१८ साली तो दुसऱ्या श्रेणीतही तळालाच राहिला आणि तिसऱ्या श्रेणीत गेला. या काळात आपल्या मैदानावरचा एक विजय पाहायला गावाला ३६४ दिवस थांबावे लागले. वाचकहो, ३६४ दिवस! एका दिवाळीला जिंकलेले पाहावे आणि पुढची दिवाळी दाराशी आली तरी पुन्हा जिंकलेले दिसू नये. पहिल्या श्रेणीत असताना सरासरी एक्केचाळीस हजारांच्या आसपास असलेली प्रेक्षकसंख्या दुसऱ्या श्रेणीत अठ्ठावीस हजारांच्याही खाली आली. "पाहा, गेले ना सोडून!" असे म्हणणाऱ्यांना मोठा जोर चढला.

त्यांनी थोडे थांबायला हवे होते. २०१८ च्या उन्हाळ्यात जुना मालक, एक अमेरिकन धनिक, कर्ज फेडून आणि संघ विकून निघून गेला. नवे मालक आले, जॅक रॉस हा नवा मॅनेजर आला. मैदानातल्या लाल खुर्च्या उन्हाने विटून गुलाबी झाल्या होत्या. त्या बदलायचे ठरले आणि मदतीला या म्हणून लोकांना हाक गेली. लोक आले. आपापली सुट्टी मोडून, हातात पाने घेऊन, त्यांनी स्वतःच्या हातांनी खुर्च्या बसवल्या. त्या वर्षी, तिसऱ्या श्रेणीत, सरासरी बत्तीस हजारांच्या आसपास माणूस आले, म्हणजे दुसऱ्या श्रेणीपेक्षा अधिक! नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्ड सिटीविरुद्धच्या सामन्याला ४६,०३९ माणसे बसली होती. श्रेणी खालची आणि गर्दी वरची. हरण्याने माणूस जात असेल तर ही माणसे कोठून आली?

ती कोठून आली ते मी सांगतो. ज्याने स्वतः खुर्ची बसवली तो त्या खुर्चीवर बसायला येणारच. त्याला कोणीतरी पाच वर्षांनंतर 'घरचा' म्हटले होते. पुढे या नव्या मालकांशीही लोकांचे फाटले आणि रॉसलाही वर्षसव्वा वर्षात नारळ मिळाला, हे लपवण्याचे मला कारण नाही. नवा मालक म्हणजे देवदूत असे मी कोठे म्हणतो? लोक कशाला साद देतात एवढेच मला दाखवायचे आहे. तो संघ २०२२ साली तिसऱ्या श्रेणीतून आणि २०२५ साली दुसऱ्या श्रेणीतून वर चढला. आठ वर्षांनी तो पुन्हा पहिल्या श्रेणीत पोचला, आणि त्या आठ वर्षांत गावाने त्याला टाकले नव्हते.

आता उलट बाजूचे उदाहरण घ्या, म्हणजे माप पुरे होईल. ब्लॅकपूल हे समुद्रकाठचे गाव. तिथला संघ २०१० साली पहिल्या श्रेणीत चढला, वर्षभर राहिला आणि खाली आला. त्या एका वर्षाच्या पैशाने गावाचे आणि संघाचे भले व्हावे ही लोकांची अपेक्षा होती. तसे काही घडलेले त्यांना दिसेना. संघ घसरत घसरत २०१६ साली चौथ्या श्रेणीत गेला. मालकांनी काय करावे? त्यांनी टीका करणाऱ्या चाहत्यांवरच अब्रुनुकसानीचे दावे लावले! लोकांनी मग निश्चय केला की या मालकांच्या तिजोरीत यापुढे एक पैसाही टाकायचा नाही. हा बहिष्कार इतका कडक होता की २०१७ साली, गॅरी बोयर या मॅनेजरच्या हाताखाली संघ अंतिम सामना जिंकून तिसऱ्या श्रेणीत चढला, तेव्हाही हजारो जण वेम्बलीला गेले नाहीत. नव्वद हजारांच्या त्या मैदानात उणेपुरे पाव लोक होते. संघ जिंकला, मॅनेजरने आपले काम चोख केले, आणि खुर्च्या रिकाम्या!

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की मालकांनी क्लबमधला पैसा गैररीतीने बाहेर काढला आणि त्यांनी भागीदाराला ३१.२७ दशलक्ष पौंड द्यावेत. २०१९ च्या फेब्रुवारीत मालकाच्या हातून संघ निघाला. ९ मार्चला साउथएंडविरुद्ध घरच्या मैदानावर सामना होता, तोही तिसऱ्या श्रेणीतला. त्या दिवशी १५,८७१ माणसे लोटली. सामना बरोबरीत सुटला, पण निकालाची तिथे कोणाला पर्वा होती? जी माणसे जिंकताना आली नाहीत ती बरोबरीला आली. यापरते आणखी काय प्रमाण हवे?

मग मॅनेजरला सूट द्यायची काय? मुळीच नाही. मास्तराची बाजू घेणारा मीच, परंतु फळ्याकडे पाठ करून झोपा काढणाऱ्या मास्तराची घेणार नाही. मॅनेजरची जबाबदारी खरी आहे, मात्र ती मोजून मापून घातली पाहिजे. हाताशी असलेल्यांतून योग्य तो संघ निवडणे, त्यांच्यात धीर जागवणे, आणि चुकले तर ते आपल्या अंगावर घेणे, एवढे त्याचे काम. संडरलंडच्या डेव्हिड मॉइझने २०१६ साली मोसमाचे अवघे दोन सामने झाले असताना उघड सांगून टाकले की यंदाही तगून राहण्याचीच झुंज आहे. तो खोटे बोलला नाही, पण जून महिन्यात शाळा उघडताच मास्तराने वर्गाला "तुम्ही नापास होण्यातलेच" असे सांगावे, तशातला हा प्रकार झाला. याचा जाब त्याला अवश्य विचारावा, आणि लोकांनी तो विचारलाही.

लोकांना हा विवेक असतो, हे मालक जाणत नाहीत. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ब्रायन क्लफचे पाहा. दुसऱ्या श्रेणीतला संघ हाती घेऊन त्याने १९७८ साली त्याला इंग्लंडचा आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोनदा युरोपचा विजेता केला. पुढे १९९३ साली त्याच्याच हाताखाली तो संघ तळाला जाऊन घसरला. त्या घसरणीत क्लफचा वाटा मोठा होता. चांगले खेळाडू विकले गेले, त्यांची जागा भरली नाही, आणि त्याची प्रकृतीही पहिल्यासारखी राहिली नव्हती. तरी १ मेच्या दिवशी घरच्या मैदानावर पराभव होऊन घसरणीवर शिक्कामोर्तब झाल्यावर लोक घरी गेले नाहीत. त्या म्हाताऱ्याच्या नावाचा गजर करीत थांबले. त्यांना गणित येत नव्हते काय? येत होते. परंतु त्यांनी एका वर्षाची वजाबाकी करताना अठरा वर्षांची बेरीज पुसली नाही.

राहिला 'बेइमान' प्रेक्षक. या शब्दाने माझे माथे भडकते. जो मनुष्य आठवडाभर राबून, पोराला खांद्यावर घेऊन, थंडीपावसात तिकीट काढतो, त्याला निष्ठेचे धडे कोणी द्यावेत? ज्याने त्या तिकिटाचा भाव वाढवला त्याने? २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मालकांनी सर्वांत महागड्या तिकिटाचा भाव ७७ पौंड करण्याचे ठरवले. ६ फेब्रुवारीला सामना चालू असताना, बरोबर ७७ व्या मिनिटाला, सुमारे दहा हजार माणसे उठून चालती झाली. संघ तेव्हा दोन गोलांनी पुढे होता! योगायोग असा की समोर संडरलंडच होते, आणि लोक उठून गेल्यावर त्यांनी दोन्ही गोल फेडले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून भाव मागे घेतला. जिंकणाऱ्या संघाला पाठ दाखवणारी ही माणसे बेइमान म्हणायची? मला विचाराल तर त्या दिवशी मैदानात सर्वांत इमानी तीच होती. इमान संघाशी असते, गल्ल्याशी नसते.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर आणखी सोपी युक्ती निघाली. गोव्याच्या डेंपो संघाने पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. २०१५ साली तोही घसरला. २०१६ साली खालची स्पर्धा जिंकून परत वर आला. घसरणे आणि चढणे यांतली खरी रंगत ती हीच. पण तोवर वर दुसरीच माडी बांधली गेली होती. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिली दहा वर्षे कोणीच खाली गेले नाही. बराच काळ खालून वर यायला जिनाही नव्हता. पैसे भरून आत शिरणे हाच मार्ग. कमावलेली जागा अशी कवडीमोल होणार हे पाहून डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन संघांनी २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडची कथा याहून करुण आहे. २००६ साली देशाचा विजेता झालेला संघ २०१० साली कंपनीने मिटवून टाकला. तो घसरला नव्हता, हरला नव्हता. मालकाला नको झाला, एवढेच. घसरलेला संघ पुन्हा चढू शकतो. मिटवलेल्याने कोठे चढावे? त्या वेळी कोणत्या मॅनेजरचा राजीनामा घ्यायचा होता?

याउलट कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा यांचे सामने लागले की पेठाच्या पेठा लोटतात. तिथे आंतरराष्ट्रीय तारे नाहीत, दूरचित्रवाणीच्या कोट्यवधींचा करारही नाही. तालमीचा संघ पेठेचा आहे, एवढेच भांडवल. हरला तरी पेठ त्याला शिव्या घालील, उपाशी ठेवील, पण 'दुसऱ्याचा' म्हणणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपले व्यापारी वही पुजतात. जुन्या वहीची बाकी मिटवल्याखेरीज नवी उघडायची नाही, असा शहाण्यांचा शिरस्ता आहे. फुटबॉलच्या मालकांची रीत उलटी. दर मे महिन्याला नवे पान काढायचे, त्यावर नव्या मॅनेजरचे नाव घालायचे, आणि जुनी बाकी तशीच ठेवायची. त्या बाकीत कर्ज असते, वाढवलेला भाव असतो, न ऐकलेली तक्रार असते आणि लोकांचा मोडलेला विश्वास असतो. चाहत्यांनी आपसात 'मॅनेजर की प्रेक्षक' असे भांडत बसू नये. ते भांडण चालू राहावे हीच तर मालकाची इच्छा असते. त्यांनी एकत्र जावे, मालकापुढे ती जुनी वही उघडून ठेवावी आणि म्हणावे: शेठजी, पराभवाचे आम्ही आणि मॅनेजर पाहून घेऊ. या खुर्च्या रिकाम्या का, ते आधी तुम्ही सांगा.